तबला दिसतो तिथेच वाजतो का? मैफलीच्या व्हिडिओत आवाज आणि चित्र जुळवताना

काही वर्षांपूर्वी एका घरगुती बैठकीचा व्हिडिओ मी मोठ्या हौसेने यूट्यूबवर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. "अरे, गाणं छान झालंय. पण तबला दिसतो डावीकडे आणि ऐकू येतो उजवीकडे. हेडफोन उलटे घातले की बरोबर वाटतं. माझेच बिघडलेत का रे?"

काकांचे हेडफोन ठणठणीत होते. खाली जागा नव्हती म्हणून मी रेकॉर्डर छताच्या हुकाला पालथा टांगला होता. रेकॉर्डर पालथा झाला की त्याचा डावा माइक उजवीकडे येतो आणि उजवा डावीकडे. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. वर एडिटिंग सगळं लॅपटॉपच्या स्पीकरवर केलेलं, तिथे डावं-उजवं धड कळतच नाही.

पहिल्यांदाच मैफल चित्रित करायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. दोन-तीन कॅमेरे, त्यातले एक-दोन फोन असले तरी चालतील. चार-सहा माइक घेणारा रेकॉर्डर. कानभर बसणारे बरे हेडफोन. आणि मिक्सिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर. दाविंची रिझॉल्वच्या फुकट आवृत्तीतही यातलं सगळं होतं. उदाहरण ख्यालाच्या मैफलीचं घेतो, कारण तिची बैठक बहुतेक ठरलेली असते. मध्ये गायक, त्याच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, मागे दोन तंबोरे.

आधी ठरवा: कुणाचं डावं?

वर मी "गायकाच्या उजव्या हाताला तबला" म्हणालो. समोर बसलेल्या श्रोत्याला तोच तबला डावीकडे दिसतो. निम्मे घोळ इथेच होतात. साउंडवाला स्टेजवर उभा राहून बोलत असतो, कॅमेरावाला समोरून, आणि दोघेही "डावीकडचा माइक" म्हणतात. म्हणून एकच नियम करा: त्या दिवशी डावं म्हणजे प्रेक्षकाचं डावं. कागदावर स्टेजचा नकाशा काढा, खालच्या बाजूला "प्रेक्षक" लिहा, आणि रेकॉर्डरच्या प्रत्येक चॅनलचा नंबर त्या नकाशावर मांडा. फोनने त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण एडिटिंगच्या वेळी, तीन आठवड्यांनी, "चॅनल चार म्हणजे पेटी की दुसरा तंबोरा?" हा प्रश्न पडत नाही.

बैठक दरवेळी अशीच असेल असं मात्र धरून चालू नका. वाद्यवादनात, जुगलबंदीत, किंवा तबलजी डावखुरा असला तर जागा बदलतात. नकाशा कलाकार बसल्यावर काढायचा, आदल्या रात्री नाही.

आवाजाला एक खुर्ची द्या

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लवकर सांगून टाकतो. कॅमेरा दहा ठिकाणी फिरला तरी कान फिरत नाही. आवाजासाठी सभागृहातली एक खुर्ची निवडा, समजा तिसऱ्या रांगेतली मधली, आणि संपूर्ण मैफल त्या खुर्चीवरून ऐकू येईल असा मिक्स करा. चित्र कधी गायकाच्या चेहऱ्यावर, कधी तबल्याच्या शाईवर, कधी पेटीवाल्याच्या बोटांवर जाईल. खुर्ची हलणार नाही.

नवखा माणूस नेमकं उलट करायला जातो. त्याला वाटतं, तबल्याचा क्लोजअप पडद्याच्या मध्यभागी आहे, म्हणजे आवाजही मध्यभागी हवा. मग पुढच्या वाइड शॉटला तबला परत डावीकडे. असा मिक्स दोन मिनिटं हेडफोनवर ऐकून बघा, डोकं धरतं.

ही ठेच सिनेमावाल्यांनी आपल्या आधी खाल्ली आहे. स्टीरिओची कल्पनाच मुळात पडद्यावरून निघालेली. ईएमआय कंपनीतले इंजिनिअर ॲलन ब्लुमलाइन बायकोबरोबर सिनेमा बघत असताना त्यांना खटकलं की नट पडद्यावर इकडून तिकडे जातो, आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट बाजूला ठेवली तरी १९३१च्या डिसेंबरमध्ये त्यांनी स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३५ साली माणसं चालत-बोलत पडद्यावरून जाताना आवाज त्यांच्याबरोबर सरकतो असे प्रयोगाचे छोटे चित्रपट बनवले, हे नक्की. पुढे १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं. रुंद पडदा, चार ट्रॅकचा आवाज, आणि संवाद बोलणाऱ्या माणसाच्या मागे सरकवण्याची हौस. एकाच लांब शॉटमध्ये ते झकास वाटायचं. कट झाला की मात्र तोच माणूस बोलता बोलता डाव्या भिंतीवरून उजव्या भिंतीवर उडी मारायचा. शेवटी संवाद मधल्या स्पीकरवर ठेवण्याचाच रिवाज रुळला.

मैफलीच्या व्हिडिओत आपण दर पाच-दहा सेकंदांनी कट करतो. तिथे ही उडी परवडण्यासारखी नाही.

दुसरं कारण मोजण्याचं आहे. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो. आठ फुटांवरून बघणाऱ्याच्या डोळ्यांत तो जेमतेम २८ अंशांचा कोन भरतो. आडवा धरलेला फोन, पंधरा सेंटिमीटर रुंद आणि तीसेक सेंटिमीटरवर धरला, तरी कोन तोच. हेडफोनमध्ये मात्र पूर्ण डावं म्हणजे डाव्या कानाच्या आत आणि पूर्ण उजवं म्हणजे उजव्या कानाच्या आत. सरळ १८० अंश. चित्राच्या डाव्या कडेला बसलेला तबला आवाजातही पूर्ण डावीकडे ढकललात तर डोळ्याला तो समोरच्या चौकटीत दिसेल आणि कानाला खांद्यावर बसलेला वाटेल. चित्र आणि आवाज यांची मापं कधीच तंतोतंत जुळणार नाहीत. बाजू जुळली आणि क्रम जुळला की बाकीचं मन सांभाळून घेतं.

माइकची जोडी मोजून लावा

खुर्चीचा आवाज पकडायला समोर एक स्टीरिओ जोडी लागते. सुरुवात करणाऱ्याला मी ओआरटीएफ पद्धत सुचवतो. १९६०च्या सुमारास फ्रेंच रेडिओवाल्यांनी ती रूढ केली. दोन सारखे कार्डिऑइड (म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे) माइक, त्यांच्या तोंडांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, म्हणजे दोघांची तोंडं एकमेकांपासून बाहेरच्या बाजूला वळलेली. साधारण कानांमधलं अंतर, त्यामुळे हेडफोनवर छान लागते.

आता गंमत अंतराची. ही जोडी आपल्यासमोरचा सुमारे ९५ अंशांचा भाग डाव्या स्पीकरपासून उजव्या स्पीकरपर्यंत पसरवते. तबल्यापासून पेटीपर्यंत तीन मीटर, म्हणजे दहा फूट धरा. जोडी १.४ मीटरवर ठेवली तर तबला थेट डाव्या स्पीकरात जाऊन बसतो आणि पेटी उजव्या. दोन मीटरवर ठेवली तर समोरचा कोन ७४ अंशांचा होतो आणि दोघं पाऊण वाटेवर येतात. तीन मीटरवर ५३ अंश, म्हणजे मध्यापासून निम्म्याच्या जरा पुढे. मला हे तिसरं अंतर आवडतं. पडद्यावर जेवढं पसरलेलं दिसतं त्याच्या ते जवळ जातं, आणि सभागृहाचा थोडा श्वासही माइकमध्ये येतो. सभागृह घुमत असेल किंवा पंखे घरघरत असतील तर दोन मीटरवर या.

कलाकार जमिनीवर किंवा फूटभर उंच चौथऱ्यावर बसलेले असतात, त्यामुळे जोडीचा स्टँड नेमका वाइड कॅमेऱ्याच्या चौकटीत येतो. यावर जादू नाही. वाइड कॅमेरा थोडा उंच करा, माइक थोडा खाली घ्या, स्टँडला काळं कापड गुंडाळा आणि बाकीचं सोडून द्या. प्रेक्षकाला माइक दिसला तर बिघडत नाही.

रेकॉर्डरवरच असलेल्या एक्सवाय माइकच्या बाबतीत एक फसगत असते. त्यात माइक एकमेकांना छेद देऊन बसलेले असतात, म्हणजे उजव्या हाताला बसवलेला माइक डावीकडे बघत असतो. तो डावा चॅनल. कुठल्या बाजूला बसवलाय ते बघू नका, तोंड कुठे आहे ते बघा.

जोडीशिवाय प्रत्येकाला जवळचा माइक हवाच: गायकाला एक, तबल्याला एक किंवा दोन, पेटीला एक, जमलं तर तंबोऱ्यांना एक-एक. सभागृहातल्या साउंडवाल्याकडून मिक्सरची लाइन मिळत असेल तर घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. ती बहुतेकदा मोनो असते, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसतंच, आणि लहान सभागृहात तबला मुळातच मोठा वाजतो म्हणून साउंडवाल्याने तो स्पीकरमधून फारसा सोडलेलाच नसतो. त्या लाइनमध्ये गळा ढीगभर आणि तबला लांब शेजारच्या खोलीत.

टाळी वाजवत चाला

मैफल सुरू होण्यापूर्वी, सगळे कॅमेरे आणि रेकॉर्डर चालू झाल्यावर, एक माणूस स्टेजवर पाठवा. त्याने प्रेक्षकाच्या डावीकडून सुरुवात करायची. तबल्याच्या जागी उभं राहून म्हणायचं, "तबला, प्रेक्षकांच्या डावीकडे," आणि एक कडक टाळी. मग मध्ये येऊन, "गायक," टाळी. मग "पेटी, प्रेक्षकांच्या उजवीकडे," टाळी. हात सगळ्या कॅमेऱ्यांना दिसले पाहिजेत.

यात तीन कामं होतात. कॅमेरे आणि आवाज जुळवायला टाळी मिळते. डावं-उजवं खरोखर बरोबर आहे का ते तिथल्या तिथे हेडफोनवर कळतं. आणि कुठला चॅनल कुणाचा, हे खुद्द रेकॉर्डिंगमध्ये बोलून ठेवलं जातं. छताला टांगलेल्या माझ्या रेकॉर्डरचं पितळ या एका फेरीत उघडं पडलं असतं. कलाकार येऊन तंबोरे जुळवायला लागण्याच्या आत हे उरका. जुळवणी सुरू असताना टाळ्या पिटणाऱ्याकडे गवई ज्या नजरेने बघतात ती मी पाहिली आहे.

कॅमेरे एकाच बाजूला

तबलजीपासून पेटीवाल्यापर्यंत जमिनीवर मनाने एक रेघ ओढा. कॅमेरे रेघेच्या अलीकडे, प्रेक्षकांच्या बाजूला राहिले तर कुठल्याही कॅमेऱ्यातून क्रम बदलत नाही. अगदी उजव्या टोकाला उभं राहून तिरकं तबल्याकडे बघितलं तरी चौकटीत डावीकडून उजवीकडे तबला, गायक, पेटी असंच दिसतं. म्हणजे खुर्चीवरून केलेला मिक्स प्रत्येक कॅमेऱ्याला चालतो.

तीन कॅमेरे असतील तर मी असे लावतो: एक मध्ये, थोडा उंच, वाइडसाठी. दुसरा प्रेक्षकांच्या उजव्या बाजूला, तो गायकाचा चेहरा आणि तबला बघतो. तिसरा डाव्या बाजूला, तो गायक आणि पेटी बघतो. बाजूचे कॅमेरे असे फुलीसारखे लावले की तबलजी आणि पेटीवाला गायकाकडे बघताना त्यांचे चेहरे मिळतात. स्वतःच्याच बाजूने टिपलात तर नुसता कान मिळतो.

रेघ ओलांडणारे दोन मोह असतात. एक म्हणजे मागचा कॅमेरा. गायकाच्या खांद्यावरून दिसणारा भरलेला हॉल. शॉट देखणा असतो, पण त्यात तबला उजवीकडे जातो. तो घ्या, फक्त थोडक्यात घ्या, आणि चौकटीत प्रेक्षक किंवा समोरचे दिवे दिसू द्या, म्हणजे आपण मागून बघतोय हे बघणाऱ्याला लगेच उमगतं. आवाज उलटा करू नका. शॉट दहा-पंधरा सेकंदांहून लांब जात असेल तर डावं-उजवं थोडं आत ओढून घ्या आणि सभागृहाचा आवाज किंचित वर करा. माझ्या मते ही जास्तीत जास्त सूट.

दुसरा मोह तबल्याच्या डोक्यावरचा कॅमेरा. हल्ली सगळ्यांना तो हवा असतो, आणि दिसतोही छान: शाईवरची बोटं, डग्ग्यावर घासत जाणारं मनगट. पण तो कुठल्या बाजूने डोकावतो ते बघा. तबलजीच्या बाजूने लावला तर दायां, म्हणजे उजव्या हाताने वाजवायचा लहान तबला, उजवीकडे दिसतो, प्रेक्षकाच्या बाजूने लावला तर डावीकडे. प्रेक्षकाची बाजू धरा. चुकून उलटा लागला असेल तर एडिटिंगमध्ये चित्र १८० अंशांत फिरवा. फिरवा म्हणतोय, आरसा करू नका. आरसा केला की तबलजी डावखुरा होतो, आणि तबला शिकणारे विद्यार्थी हे दुसऱ्या सेकंदाला पकडतात. काही फोनचा पुढचा कॅमेरा आपणहून आरशातलं चित्र साठवतो, तेही आधी तपासा.

मिक्समध्ये कोण कुठे

आधी फक्त समोरची जोडी ऐका. बाकी सगळे माइक बंद. डोळे मिटा आणि तबला कुठे बसलाय ते बोटाने दाखवा. मग तबल्याचा जवळचा माइक हळूहळू वर आणा. तबला जागचा हलला तर पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवायचं बटण, फिरवा, जोडीतल्या जागेवर येईपर्यंत. पेटीचं तसंच. तीन मीटरच्या मांडणीत माझे आकडे साधारण ४० ते ५० च्या आसपास येतात, १०० म्हणजे पूर्ण एका बाजूला धरून. जोडी लावलीच नसेल, फक्त जवळचे माइक असतील, तर ३० वर थांबतो. गळा अर्थातच मध्ये.

हा खटाटोप का, तर कान पहिल्यांदा पोचणाऱ्या आवाजावर विश्वास ठेवतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. जवळचा माइक तबल्यापासून वीतभर आणि जोडी तीन मीटरवर, तर जवळचा माइक सुमारे आठ मिलिसेकंद आधी बोलतो. त्याची जागा चुकली तर जोडीने कितीही बरोबर सांगितलं तरी तबला चुकीच्याच जागी ऐकू येणार. जवळच्या माइकला तेवढे आठ मिलिसेकंद उशीर दिला की दोघं एकत्र बोलतात आणि आवाज एकदम बसल्यासारखा वाटतो. लहान खोलीत, जोडी अगदी जवळ असताना, हे सोडून दिलंत तरी चालेल.

दायां आणि डग्गा दोन माइकवर घेतले असतील तर त्यांच्यात फार फट पाडू नका. खऱ्या तबल्यात दोघांमध्ये वीतभर अंतर असतं. एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे टाकला की दायां ठाण्याला आणि डग्गा कल्याणला. दायां ४५ वर असेल तर डग्गा ३५ वर, बस. प्रेक्षकाकडून बघताना दायां बाहेरच्या बाजूला आणि डग्गा गायकाच्या बाजूला असतो, हे लक्षात ठेवा. एकल तबलावादनात तबला मध्ये येतो, तेव्हा दायां किंचित डावीकडे, डग्गा किंचित उजवीकडे, आणि लेहऱ्याची, म्हणजे तबल्याला साथ म्हणून फिरून फिरून वाजणाऱ्या धुनेची, पेटी किंवा सारंगी जिथे बसली असेल तिथे.

तंबोऱ्याच्या बाबतीत मी चित्राशी सरळ बेइमानी करतो. पडद्यावर दोन्ही तंबोरे गायकाच्या खांद्यामागे, मध्याजवळ दिसतात. मी ते ६०-७० पर्यंत दोन्हीकडे पसरतो, आवाज अगदी कमी ठेवून. तंबोऱ्याकडे बोट दाखवून "तो बघ तिथे" असं कोणी ऐकत नाही. त्याने गाण्याखाली सतरंजी अंथरायची असते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा एकच असेल तर मात्र त्याला उगाच ताणू नका, गळ्याच्या मागे हलका राहू द्या.

आणि पेटी. जवळचा माइक असला की पेटी हमखास जास्त होते, कारण तिचा सूर अखंड असतो आणि आपल्याला तो स्वच्छ ऐकू येतोय म्हणून आपण खूश असतो. काकांना डावं-उजवं सुधारून व्हिडिओ परत पाठवला तेव्हा त्यांचं पुढचं वाक्य हेच होतं: "आता बरोबर. पण पेटी जरा जास्त आहे."

क्लोजअपला थोडं झुकतं माप

खुर्ची हलवायची नाही म्हटलं, पण खुर्चीवरचा माणूस मान वळवतो की. द्रुत तीनताल चाललाय. गायकाने एक तान समेवर आणून सोडली, श्वास घेतला, आणि पेटीवाल्याकडे बघून मान हलवली. तुमच्याकडे डाव्या कॅमेऱ्यातून पेटीवाल्याच्या बोटांचा शॉट आहे आणि तो दोन आवर्तनं टिकणार आहे. इथे पेटीचा माइक एक ते दीड डीबीने (डेसिबलने), म्हणजे किंचितच, वर घ्या. कटच्या क्षणी एकदम नाही. कटच्या अर्धा सेकंद आधी सुरुवात करा, गायकाने मान हलवली तिथूनच. पॅन ४५ वर असेल तर ३५ पर्यंत सरकू द्या. गायक परत मुखडा घेईल तेव्हा तीन-चार सेकंदांत सगळं पूर्ववत. बघणाऱ्याला यातलं काही जाणवलं नाही, फक्त पेटी "जवळ आली" असं वाटलं, तर काम झालं. बदल स्पष्ट ऐकू येत असेल तर निम्मा करा.

हे फक्त लांब टिकणाऱ्या शॉटला आणि त्या वाद्याचं खरंच काही चाललं असेल तेव्हा. विलंबित एकतालाचा ठेका चाललाय आणि कंटाळा नको म्हणून तुम्ही चार सेकंद तबला दाखवलात, तर आवाजाला हात लावू नका.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा आवाज मात्र अंतिम व्हिडिओत कुठेही वापरू नका. तो फक्त जुळवणीपुरता. नवखे बहुतेक वेळा क्लिपबरोबर तिचा आवाजही कापत जातात, आणि प्रत्येक कटला सभागृह लहान-मोठं होत राहतं.

एक फ्रेम इकडची तिकडे

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा, कॅमेरे सगळे सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर एक-पन्नासांशवर, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे लुकलुकत नाहीत. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात ध्वनी जवळजवळ १४ मीटर जातो.

आता हॉलच्या शेवटी, १४ मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याचा विचार करा. त्याला टाळी दिसते लगेच, ऐकू येते एक फ्रेम उशिरा. सॉफ्टवेअरमध्ये "आवाजावरून जुळवा" केलं की सॉफ्टवेअर त्याचा उशिराचा आवाज जवळच्या माइकशी जुळवतं, आणि चित्र एक फ्रेम पुढे पळतं. बोट शाईवर पडतं, "ना" हा बोल नंतर ऐकू येतो. त्या कॅमेऱ्याची क्लिप एक फ्रेम उशिरा सरकवा. युरोपातल्या प्रसारण संघटनेने आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंद आधी किंवा ६० मिलिसेकंद नंतर, एवढीच सूट धरली आहे. उशिराला सूट जास्त, कारण रोजच्या जगातही आवाज डोळ्याच्या मागूनच येतो. ख्यालाच्या आलापात एवढा फरक कोणाला कळणार नाही. द्रुत लयीतल्या तबल्यात कळतो.

मैफल संपल्यावर यंत्रं बंद करण्याआधी पुन्हा एक टाळी घ्या. रेकॉर्डर आणि कॅमेऱ्याची घड्याळं किंचित वेगळी चालतात. दहा लाखांत दहाचा फरक असला तरी तासाभरात ३६ मिलिसेकंद, जवळजवळ एक फ्रेम होतो. सुरुवातीला जुळलेलं भैरवीपर्यंत सुटलेलं असतं ते यामुळे.

पाठवण्यापूर्वी

सगळं झाल्यावर चित्र झाकून पूर्ण ऐका. कटच्या जागी कुठे दचकलात तर तिथे आवाजात काहीतरी हललंय. मग मोनो करून ऐका, कारण तुमचे निम्मे श्रोते फोन उभा धरून, एका स्पीकरवर, भाजी चिरता चिरता ऐकणार आहेत. मोनोत तबला पोकळ झाला किंवा तंबोरे गायब झाले तर जवळच्या माइकचा उशीर पुन्हा तपासा, किंवा दोन माइकपैकी एकाची फेज उलटी आहे का, म्हणजे दोघांच्या लाटा एकमेकींना खोडतायत का, ते बघा. आवाजाची पातळी यूट्यूबसाठी उणे १४ एलयूएफएसच्या (हे सरासरी मोठेपणाचं माप) आसपास आणि शिखर उणे १ डीबीच्या खाली. त्याहून मोठं केलंत तर यूट्यूब ते खाली ओढतंच, मग गाण्यातली चढ-उतार उगाच का चिरडायची?

रीलसाठी उभा तुकडा कापत असाल तर मिक्स वेगळा काढा. उभ्या चौकटीत गायक आणि जेमतेम एकजण मावतो, तिथे ४५ वरचा तबला चौकटीच्या फार बाहेरून येतो. पूर्ण मिक्सची रुंदी निम्मी केली की पुरते. नुसत्या तबल्याची रील असेल तर तबला मध्ये आणा. दीड मिनिटात कट नसले तर खुर्ची बदलायला हरकत नाही.

आणि रेकॉर्डरच्या उजव्या कडेला लाल टेपचा तुकडा चिकटवून टाका. लाल पिन उजवीकडची, हे जुन्या डेकपासून सगळ्यांच्या हाताला माहीत असतं. पालथा टांगायचीच वेळ आली तर लाल टेप प्रेक्षकाच्या डावीकडे गेलेली खालूनच दिसेल, आणि मेनूत जाऊन डावं-उजवं बदलायचं किंवा नकाशावर तसं लिहून ठेवायचं, हे तिथेच आठवेल.